लॅबमधला धोका नंतरच्या माणसाला भेटतो

अजूनही काही लॅबमध्ये एक पद्धत दिसते. पेशंट एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे असं आधीच कळलेलं असलं की त्याच्या ट्यूबवर लाल स्टिकर लागतो, ट्यूब रॅकमध्ये बाजूला ठेवली जाते आणि तिला हात लावायची वेळ आली की सगळे एकदम नीट वागायला लागतात, डबल ग्लोव्ज, मास्क, गप्पा बंद. ती ट्यूब मशीनला लागली की ग्लोव्ज काढले आणि पुढची बिनस्टिकरची ट्यूब उघड्या हातानं उचलली. मला हे बघवत नाही. स्टिकरवाल्या ट्यूबबद्दल निदान काहीतरी माहीत तरी आहे, बाकीच्या अख्ख्या रॅकबद्दल काहीच माहीत नाही, ते माहीत करून घ्यायलाच तर ती सॅम्पल्स आपल्याकडे आलीयेत ना. आणि इन्फेक्शन नुकतंच झालेलं असेल तर रक्तात व्हायरस असतो पण टेस्ट निगेटिव्ह येते, म्हणजे जुना निगेटिव्ह रिपोर्ट बघून निवांत व्हायचीही सोय नाही. शिवाय तो लाल स्टिकर वॉर्डपासून लॅबपर्यंत येईतो किती जणांनी वाचला असेल ते वेगळंच, त्या पेशंटनं आपला आजार सगळ्या कॉरिडॉरला सांगा असं कोणाला म्हटलेलं नसतं.

एड्सची साथ जोरात होती त्या काळात, १९८७ साली, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं युनिव्हर्सल प्रिकॉशन्स म्हणून जे सांगितलं त्याचा गाभा एवढाच होता की प्रत्येकाचं रक्त इन्फेक्शन असलेलंच आहे असं धरून चाला. म्हणजे ओळखत बसूच नका. इतकी वर्षं झाली तरी हे डोक्यात शिरतं पण हातात उतरत नाही, कारण भीती वाटली की आपण काळजी घेतो आणि भीती नाही वाटली की नाही घेत. आणि रोज शेकड्यानं सॅम्पल्स हाताळणाऱ्या माणसाला भीती वाटायची कधीच बंद झालेली असते.

पण मला आज लिहायचंय ते थोडं पुढचं. इतकी वर्षं बेंचवर काम करताना माझं एक मत पक्कं झालंय, की लॅबमध्ये जो चुकतो त्याला इजा होतेच असं नाही, बरेचदा ती त्याच्या नंतर त्या वस्तूला हात लावणाऱ्याला होते. आपण सेफ्टी शिकवतो ती ‘स्वतःला जपा’ अशी शिकवतो, पोस्टरवरही तेच, गॉगल घातलेला एक माणूस. त्यामुळे ज्याला स्वतःची फारशी पर्वा नसते तो म्हणतो मला काही होत नाही, आणि खरंच त्याला काही होत नाही. होतं ते दुसऱ्याला.

ग्लोव्ज घातलेला एकच हात दहा मिनिटं नुसता बघत बसा. ट्यूबचं झाकण उघडलं, त्याच्या आतल्या कडेला लागलेलं रक्त अंगठ्याला लागलं, दिसणार पण नाही इतकं. मग त्याच हातानं माऊस धरला, बारकोड लागत नाही म्हणून आकडे टाइप केले, फोन वाजला तो उचलून कानाला लावला, फ्रिज उघडून कंट्रोल (मशीन नीट चालतंय का ते बघायचं सॅम्पल) काढलं, बाहेरून कोणीतरी रिपोर्टचं विचारायला आलं म्हणून दाराची मूठ फिरवली. हात ज्याचा आहे तो मस्त सुरक्षित आहे, ग्लोव्ज आहेत त्याला. मात्र तो कीबोर्ड थोड्या वेळानं रिपोर्ट टाइप करणारी मुलगी उघड्या हातानं वापरणार आहे, फोन तर सगळेच घेतात, आणि दाराच्या मुठीला रात्री सिक्युरिटीवाल्याचाही हात लागतो. हिपॅटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तात, साध्या खोलीच्या तापमानाला, किमान ७ दिवस जिवंत राहतो. सात दिवस म्हणजे तो डाग पाडणारा माणूस वीकली ऑफ घेऊन परतसुद्धा येतो. म्हणून आमच्याकडे फोन, माऊस, दार या सगळ्यांना ‘क्लीन’ किंवा ‘डर्टी’ ठरवून टाकलंय, डर्टी कीबोर्डला ग्लोव्जशिवाय हात लावायचा नाही आणि क्लीन फोनला ग्लोव्ज घालून लावायचा नाही. सुरुवातीला सगळे कंटाळले, नंतर सवय झाली.

आणि फॉर्म! सॅम्पलबरोबर येणारा रिक्विझिशन फॉर्म ट्यूबभोवती गुंडाळून वर रबरबँड लावून पाठवायची सवय कोणी लावली कोण जाणे. ट्यूब जरा लीक झाली की फॉर्म ओला, लॅबमध्ये येईपर्यंत वाळून त्याच्यावर तपकिरी गोल डाग. टेक्निशियन ग्लोव्ज घालून तो फॉर्म सोडवतो, ट्यूब स्वतः घेतो आणि फॉर्म एंट्रीला देतो, तिथे तो ग्लोव्जशिवाय उलगडला जातो, चुण्या सरळ करायला तळहातानं दाबला जातो, आणि पानं उलटताना बोट जिभेला लावायची सवय असलेला एखादा असला तर पुढचं लिहायलाच नको. फॉर्म वेगळ्या कप्प्यात ठेवायची दोन कप्प्यांची पिशवी मिळते, ती वापरली की प्रश्न मिटला. डागाळलेला फॉर्म आला तर त्याचा पारदर्शक पाऊचमधून फोटो काढून एंट्री करायची, मूळ कागद पुढे द्यायचाच नाही.

ग्लोव्जवर आंधळा विश्वास ठेवू नये याचं एक उदाहरण मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते. आपल्या क्षेत्रातलं नाही, केमिस्ट्रीतलं आहे. कॅरेन वेटरहान ही अमेरिकेतली प्राध्यापिका, विषारी धातूंचीच अभ्यासक, १९९६ च्या ऑगस्टमध्ये काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे थोडेसे थेंब तिच्या लेटेक्स ग्लोव्जवर पडले. तिनं ग्लोव्ज घातलेले होते, काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) चाललेलं होतं, सगळं नियमाप्रमाणे. ते रसायन लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं हे तेव्हा कोणाला नीट ठाऊकच नव्हतं. महिन्यांनी लक्षणं दिसली, जून १९९७ मध्ये ती गेली. तिच्या मृत्यूनंतर या रसायनासाठी कुठले ग्लोव्ज चालतात याच्या सूचना बदलल्या. आपल्याकडे झायलीनसारखं सॉल्व्हंट, फॉर्मलिन असतंच, आणि रक्तासाठीचे पातळ ग्लोव्ज घालून झायलीनमध्ये हात बुचकळणारे मी बघितलेत. रक्ताला जो ग्लोव्ज चालतो तो सॉल्व्हंटला चालेलच असं नाही, खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचायचं असतं.

आता सुई. सगळ्यांना माहीत असलेला नियम म्हणजे रिकॅपिंग करायचं नाही, वापरलेल्या सुईला परत टोपी घालायची नाही, सरळ शार्प्स कंटेनरमध्ये टाकायची आणि कंटेनर तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. हा नियम मोडला तर टोचणार मोडणाऱ्याच्याच बोटाला, असं सगळे धरून चालतात. पण कंटेनर लांब ठेवलेला असतो म्हणून सुई ट्रेमध्ये राहते, ट्रेमधल्या कापसाबरोबर साध्या पिशवीत जाते, आणि ती पिशवी बांधणारी, दाबून हवा काढणारी, दुसरा हात मोकळा हवा म्हणून मांडीला टेकवून नेणारी बाई वेगळीच असते.

मी पूर्वी एका ठिकाणी होते तिथल्या मावशी कचरा उचलायच्या. एकदा मी बेसिनपाशी गेले तर त्या नळाखाली बोट धरून उभ्या, पाणी लालसर चाललेलं. मी म्हटलं, ‘‘मावशी, काय झालं?’’ तर म्हणाल्या, ‘‘काही नाही हो ताई, जरासं टोचलं.’’ मी म्हटलं काय टोचलं, तर नुसतं ‘‘पिशवीत होतं काहीतरी.’’ बोट दाबून दाबून रक्त काढत होत्या, विष बाहेर पडेल म्हणून. ते आधी थांबवलं, कारण दाबून काही उपयोग होत नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि वर स्पिरिट, हायपो (जंतुनाशक ब्लीच) असलं काही चोळायचं नाही. ‘‘कोणाला सांगू नका ताई, कॉन्ट्रॅक्टरला कळलं तर म्हणेल नीट काम येत नाही हिला,’’ हे त्यांचं पुढचं वाक्य. त्यांना लस दिलेली नव्हती. टेक्निशियन, नर्स, डॉक्टर सगळ्यांना हिपॅटायटिस बीचे तीन डोस मिळालेले, पहिला, मग महिन्यानं, मग सहा महिन्यांनी, आणि जी बाई दिवसभर आमच्या सगळ्यांच्या सुया वाहून नेते तिला एकही नाही, कारण ती रोलवर नाही.

यात जे आकडे आहेत ते माहीत असले की राग कसला येतो ते कळेल. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला वापरलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर इन्फेक्शन व्हायची शक्यता १०० मध्ये ६ ते ३०, सोर्स पेशंटमध्ये व्हायरस किती आहे त्यावर अवलंबून. हिपॅटायटिस सी साठी ती १०० मध्ये २ च्या आतबाहेर धरायचे, हल्ली त्याहून कमी सांगतात. एचआयव्हीसाठी १००० मध्ये ३. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याची शक्यता फारच कमी, आणि ज्याची शक्यता सगळ्यात जास्त त्याला लस आहे, चांगली लस आहे, आणि ती द्यायची राहून जाते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या ते, बघायचा, १० च्या वर आला तर लस लागू पडली. हा टायटर तर शिकल्या-सवरलेल्यांचाही केलेला नसतो.

मावशींच्या बाबतीत आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे सुई कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. टेक्निशियनला टोचलं तर निदान पेशंट समोर असतो, त्याचं रक्त तपासता येतं, निगेटिव्ह आलं तर पुष्कळशी चिंता जाते. पिशवीतल्या सुईला नाव नसतं. त्यामुळे धोका आहे असं धरून पुढचं करायला लागतं, हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन), लसीचा पहिला डोस, आणि डॉक्टरांनी ठरवलं तर एचआयव्हीसाठी पीईपीच्या, म्हणजे टोचल्यावर इन्फेक्शन होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, त्या शक्य तितक्या लवकर, काही तासांतच सुरू करायच्या, ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा नाही, आणि २८ दिवस घ्यायच्या. मावशी ‘काही नाही हो’ म्हणून घरी गेल्या असत्या तर ते ७२ तास तसेच गेले असते. नंतर महिनोन्‌महिने परत परत टेस्ट, आणि दर वेळी माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या, काय आलं विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. सगळे रिपोर्ट चांगले आले. ज्यानं ती सुई ट्रेत टाकली त्याला हे काहीही कळलं नाही, तो तेव्हाही तिथेच काम करत होता.

केमिकल्सचं तर याहून लांबपर्यंत जातं. टेस्टला लागणाऱ्या कित्येक रिएजंटमध्ये बुरशी-बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड असतं, अगदी थोडं, ०.१ टक्का किंवा त्याहून कमी. बाटलीत ते निरुपद्रवी बसलेलं असतं. पण रोज थोडं थोडं सिंकमध्ये ओतत राहिलं आणि खालचा पाइप तांब्याचा किंवा शिशाचा असला तर पाइपच्या आतून त्या धातूचं अझाइड साठत जातं, आणि ते स्फोटक असतं. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग पाइप तुंबतो, प्लंबर येतो, पाना लावतो. रिएजंटच्या इन्सर्टवर शेवटी बारीक अक्षरात ‘भरपूर पाण्याबरोबर ओता’ असं लिहिलेलं असतं ते त्या प्लंबरसाठी, ज्यानं आयुष्यात कधी रिएजंट बघितलेलं नाही.

क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) मोजायला याफेची रिॲक्शन वापरतात, ती १८८६ पासून माहीत आहे, त्यात पिक्रिक ॲसिड लागतं. ओलं आहे तोवर ठीक, वाळलं की तेही स्फोटक. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांमध्ये पिवळे खडे जमतात आणि झाकण फिरवताना होणारं घर्षणही पुरू शकतं. अशी बाटली कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात कोण ठेवून गेलं ते कोणालाच आठवत नसतं, सापडते ती नवीन लागलेल्या मुलीला, जिला सांगितलेलं असतं जरा कपाट आवरून टाक. सापडलीच तर उघडायची नाही, हलवायची नाही, ज्यांना कळतं त्यांना बोलवायचं. म्हणून बाटली उघडली की तारीख आणि सही टाकायची, आणि मी त्याबाबतीत कोणाचं ऐकून घेत नाही.

२४ तासांच्या लघवीचा डबा हा माझ्या मते लॅबमधून बाहेर जाणारा सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. व्हीएमएसारख्या काही टेस्टसाठी त्या डब्यात आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून देतात. डबा पेशंटच्या घरी जातो. पेशंटला वाटतं तळाशी पाणी राहिलंय, धुऊन घेऊ, किंवा थेट डब्यातच लघवी करायला जातो आणि उडतं, किंवा घरातलं लहान मूल झाकण काढून बघतं. काउंटरवरच्या माणसानं गर्दीत डबा पुढे सरकवताना एक वाक्य बोलायचं राहिलेलं असतं. आणि हाच डबा परत येऊन काम झालं की कोणीतरी डिसइन्फेक्ट करायचं म्हणून त्यात हायपो ओततं, ॲसिडमध्ये हायपो पडला की क्लोरीन वायू निघतो, बंद वॉशरूममध्ये, जिथे पुन्हा एखादी मावशीच उभी असते. डब्यावर मोठ्या अक्षरात, पेशंटला वाचता येईल अशा भाषेत ‘आत ॲसिड आहे, ते ओतून टाकू नका, लघवी वेगळ्या भांड्यात करून मग यात ओता’ असं लिहायला काय लागतं?

जे दिसत नाही त्याचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. रॉबर्ट पाइक या संशोधकानं १९७६ साली जगभरातल्या लॅबमध्ये झालेल्या ३,९२१ इन्फेक्शन्सचा आढावा घेतला होता, त्यातल्या २० टक्क्यांपेक्षा कमी केसेसमध्ये अमुक अपघात झाला असं सांगता येत होतं. बाकीच्यांना आठवतच नव्हतं, सुई टोचली नव्हती, काही सांडलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी हवेतून घेतलं असणार असं मानतात, झाकण उघडताना, व्हॉर्टेक्सवर ट्यूब जोरात हलवताना, जंतू उचलायची तारेची लूप ज्वाळेत धरताना उडालेले सूक्ष्म थेंब. ब्रुसेला हा जंतू त्यात कुप्रसिद्ध, लॅबमधून होणाऱ्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये कायम वरच्या नंबरावर, थोडेसे जंतू श्वासातून गेले तरी पुरतात, आणि जुन्या लोकांची कल्चर प्लेट हुंगून जंतू ओळखायची सवय इथे जिवावर येते. गंमत म्हणून पण प्लेट नाकाशी न्यायची नाही.

यात लॅबवाल्याच्या आधी आणखी एक माणूस आहे, फॉर्म भरणारा डॉक्टर. ब्लड कल्चरच्या फॉर्मवर नुसतं ‘फीव्हर’ लिहून आलं तर ती बाटली साध्या बेंचवर उघडली जाते. तिथेच ‘बरेच आठवडे ताप, गुरांशी संबंध, ब्रुसेला शंका’ एवढं लिहिलं असतं तर ती सेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडली असती. घाईत न लिहिलेल्या त्या ओळीपायी मायक्रोबायोलॉजीतली माणसं आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक घेत बसतात. डॉक्टरांना हे कोणी सांगत नाही, त्यांना वाटतं हिस्ट्री लिहिणं म्हणजे कागद भरणं. सेंट्रिफ्यूजचंही तसंच, आतमध्ये ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर बंद करून अर्धा तास झाकण उघडायचं नाही, एरोसोल, म्हणजे हवेत उडालेले सूक्ष्म थेंब, खाली बसू द्यायचा, आणि शिफ्ट संपत आली असेल तर पुढच्याला तोंडानं सांगून जायचं आणि झाकणावर कागद लावायचा.

जॅनेट पार्करबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून गेलं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या मेडिकल स्कूलमध्ये ती फोटोग्राफर होती, ४० वर्षांची. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये सोमालियात सापडला होता, जग आता देवीमुक्त म्हणायच्या बेतात होतं. ती काम करायची त्याच्या खालच्या मजल्यावर देवीच्या व्हायरसवर संशोधन चालायचं. १९७८ च्या ऑगस्टमध्ये ती आजारी पडली, ११ सप्टेंबरला गेली, देवीनं गेलेली जगातली शेवटची व्यक्ती. तिच्या आईलाही देवी आल्या, त्या वाचल्या, वडील क्वारंटाइनमध्ये असतानाच गेले, आणि त्या लॅबचे प्रमुख हेन्री बेडसन यांनी आत्महत्या केली. व्हायरस वर कसा पोचला, डक्टमधून की आणखी कसा, हे शेवटपर्यंत निर्विवाद ठरलं नाही. तिनं कुठलीही ट्यूब उघडली नव्हती, देवीशी तिच्या कामाचा काही संबंध नव्हता. ती फक्त त्या इमारतीत नोकरीला होती.

म्हणून नवीन मुलं जॉइन झाली की त्यांना सेफ्टी मॅन्युअल देऊन सह्या घ्यायच्या, याच्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. सह्या मीही घेते, ऑडिटला लागतात. पण त्याआधी एक पूर्ण फेरी मी त्यांना कचरा उचलणाऱ्या मावशींबरोबर पाठवते, ग्लोव्ज, बूट, ॲप्रन सगळं घालून. पिशवी कशी धरतात, किती जड असते, कुठल्या बेंचवरची पिशवी उचलताना मावशी जास्त सांभाळून उचलतात, आणि का, हे त्यांनी स्वतः बघायचं. काही मुलांना ते कमीपणाचं वाटतं, त्यांचा चेहरा पडतो. फिरून आल्यावर मात्र शार्प्स कंटेनर जवळ घ्यायला सांगायला लागत नाही, आपणहून घेतात.

टोचलं, सांडलं, उडालं तर सांगणाऱ्याला ओरडायचं नाही हा दुसरा नियम, आणि हा सीनियर लोकांना पाळायला सगळ्यात जड जातो. एकदा कोणावर ओरडलं की पुढचे सगळे गप्प बसतात. टोचता टोचता वाचलं तेही लिहायचं, तेच तर जास्त लिहायचं. आमच्या वहीत मागे सगळ्यात जास्त नोंदी एकाच ट्रॉलीच्या होत्या, तिचं चाक अडकायचं आणि रॅक घसरायचा, इतके दिवस सगळे आपापलं सांभाळून घेत होते, चाक बदललं आणि नोंदी थांबल्या.

कॉन्ट्रॅक्टवरच्या सगळ्यांची लस आणि टायटर हे मी आता वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घेते, नाही दिलं तर परत मागते. आयवॉशचा नळ दर आठवड्याला उघडून बघायचा, कारण ज्या दिवशी डोळ्यात काही जाईल त्या दिवशी १५ मिनिटं डोळा धुवायचाय आणि त्यातनं गंजाचं पाणी येऊन चालणार नाही. आणि रात्रपाळीच्या भिंतीवर एक कागद, टोचलं तर पहिल्यांदा काय करायचं, पीईपीची औषधं कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कोणाकडे, फोन कोणाला, मावशींनाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. किल्लीवाला माणूस बदलला की कागद त्याच दिवशी बदलायचा.